लंडनच्या जुन्या दफनभूमी आणि भोवतालच्या गल्ल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या यादीत टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम आणि बकिंगहॅम राजवाडा ठरलेले असतात. ही माहिती त्यानंतर उरणाऱ्या एखाद-दोन मोकळ्या दिवसांसाठी आहे. आमचा एक आग्रह आधीच सांगतो: दफनभूमी सुटी, एकटी बघू नये. तिथे विसावलेली माणसं कुठे राहिली, कुठल्या रस्त्याने ये-जा करत होती, हे लंडनमध्ये बऱ्याचदा पायी अंतरावर सापडतं. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणाला एक गल्ली, एक घर किंवा एक रस्ता जोडून दिला आहे.

परक्या देशात दफनभूमीत फिरणं बरं दिसतं का?

दिसतं. लंडनकर इथे सकाळी पळायला येतात, बाबागाडी घेऊन येतात, बाकावर पुस्तक वाचत बसतात. ब्रॉम्प्टनची दफनभूमी तर हाइड पार्क सांभाळणारी रॉयल पार्क्स ही संस्थाच सांभाळते. आवाज खाली ठेवा, वाटेवरूनच चाला, थडग्यावर बसू नका, त्याला टेकून उभे राहू नका. एवढं पाळलं की कुणाला खटकत नाही. घरच्या रीतीप्रमाणे परतल्यावर आंघोळ करायची असेल, तर ही भेट दिवसाच्या शेवटी ठेवा म्हणजे थेट मुक्कामी जाता येतं. हिवाळ्यात मात्र हे जमत नाही, कारण डिसेंबरात दुपारी ४ च्या सुमारास सूर्य मावळतो आणि फाटकंही लवकर लागतात.

लंडनमध्ये इतक्या प्रचंड दफनभूमी कशा झाल्या?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत माणसं आपापल्या चर्चच्या आवारात पुरली जात. शहर फुगलं, आवारं भरली, जुन्या मृतदेहांवर नवे पुरले जाऊ लागले. १८३२ च्या सुमारास कॉलराची साथ आली आणि हे असं चालणार नाही हे सरकारलाही पटलं. शहराच्या तेव्हाच्या वेशीबाहेर खासगी कंपन्यांना दफनभूमी काढायची परवानगी मिळाली. पॅरिसची पेर लाशेझ ही १८०४ मध्ये सुरू झालेली बागेसारखी दफनभूमी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. केन्सल ग्रीन १८३३ मध्ये, वेस्ट नॉरवुड १८३७ मध्ये, हायगेट १८३९ मध्ये, ॲबनी पार्क, ब्रॉम्प्टन आणि ननहेड १८४० मध्ये आणि टॉवर हॅम्लेट्स १८४१ मध्ये सुरू झाली. या सातांचं नाव पुढे एकत्रच घेतलं जाऊ लागलं. १८५२ पासूनच्या कायद्यांनी शहराच्या आतली जुनी आवारं बंद केली.

हे लक्षात ठेवलं की नकाशाही कळतो. या सातही जागा मध्यवस्तीभोवती कड्यासारख्या पसरलेल्या आहेत, कारण १८३० च्या दशकात शहर तिथे संपत होतं. आज त्यांच्याभोवती दिसणारी विटांच्या घरांची रांग बहुतेक ठिकाणी दफनभूमीनंतर आली आहे.

एकच जागा बघायला वेळ आहे. कुठली?

मराठी माणसाला आम्ही हायगेट सांगू. एका बाजूला कार्ल मार्क्स, पायी अंतरावर सावरकर राहिले ते इंडिया हाउस, आणि दोघांना जोडणारा एक धागा. इतका भरगच्च अर्धा दिवस लंडनमध्ये दुसरीकडे मिळणार नाही.

हायगेटला नेमकं कसं जायचं आणि काय बघायचं?

पहिली चूक इथेच होते. नाव बघून लोक भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवरच्या हायगेट स्थानकावर उतरतात. उतरायचं आहे त्याच्या आधीच्या आर्चवे स्थानकावर. बाहेर येऊन हायगेट हिलचा चढ चढायला लागा. सुरुवातीलाच लोककथेतल्या डिक व्हिटिंग्टनचा दगड आणि त्यावर बसवलेलं काळं मांजर दिसेल. पुढे डाव्या हाताला वॉटर्लो पार्क लागतं. बागेतून उताराने खाली गेलात की स्वेन्स लेनवरच्या दारातून बाहेर पडता आणि दफनभूमीचं फाटक समोरच असतं. चढ झेपणार नसेल तर आर्चवेहून हायगेट व्हिलेजकडे जाणारी बस घ्या.

स्वेन्स लेनच्या एका अंगाला पश्चिम भाग, दुसऱ्या अंगाला पूर्व भाग. पश्चिम भाग जुना, १८३९ चा. इजिप्शियन धाटणीचं प्रवेशद्वार असलेली थडग्यांची गल्ली, वर्तुळात बांधलेली भूमिगत दालनं आणि मायकेल फॅरेडेची साधीशी शिळा याच भागात आहे. दालनांच्या वर्तुळात मधोमध असलेला जुना देवदार आजारी पडल्यामुळे २०१९ मध्ये तोडावा लागला, तेव्हा जुन्या छायाचित्रातला वृक्ष शोधत बसू नका. प्रवेशाला तिकीट आहे, दोन्ही भागांचं मिळून १० पौंडांच्या आसपास. जाण्याआधी संकेतस्थळावर दर आणि वेळ बघा. जोराचा वारा सुटला की फांद्या पडण्याच्या धोक्यामुळे दारं बंद ठेवतात. हा प्रकार थंडीत वरचेवर होतो, म्हणून त्याच सकाळी पुन्हा एकदा खात्री करा.

मार्क्स पूर्व भागात आहे. तो १८८३ मध्ये वारला तेव्हा त्याला आतल्या बाजूच्या एका साध्या जागी पुरलं होतं. १९५४ मध्ये अवशेष सध्याच्या जागी हलवले आणि १९५६ मध्ये लॉरेन्स ब्रॅडशॉने घडवलेलं ते भलंमोठं ब्राँझचं डोकं बसलं. जवळच युसुफ दादू हे भारतीय वंशाचे दक्षिण आफ्रिकी नेते विसावले आहेत. आता मार्क्सकडे पाठ करून उभे राहा. वाटेच्या समोरच्या बाजूला तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचं स्मारक आहे. बहुतेक लोक तिकडे वळून बघत नाहीत. आपण बघावं, कारण हाच तो धागा आहे.

श्यामजी कृष्णवर्मा स्पेन्सरचे निस्सीम अनुयायी. १९०३ च्या डिसेंबरात स्पेन्सरच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांनी ऑक्सफर्डमध्ये त्याच्या नावे व्याख्यानमाला सुरू करण्यासाठी १,००० पौंडांची देणगी जाहीर केली. पुढे १ जुलै १९०५ रोजी याच हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू या घरात त्यांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी इंडिया हाउस सुरू केलं. उद्घाटन केलं हेन्री हाइंडमन यांनी, म्हणजे इंग्लंडमध्ये मार्क्सचे विचार पसरवणाऱ्या पुढाऱ्याने. लोकमान्यांच्या शिफारशीवरून शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून सावरकर १९०६ मध्ये इथे आले. समोरासमोर असलेली ती दोन थडगी पाहिल्यावर या घरासमोर उभं राहण्यात वेगळाच अर्थ येतो.

क्रॉमवेल ॲव्हेन्यू हायगेट हिल आणि आर्चवे रोड यांच्या मधल्या भागात आहे. दफनभूमीकडून परत वर चढून यावं लागतं, म्हणून मध्ये वॉटर्लो पार्कात बसून घ्या. घरावर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. ती वरच्या बाजूला आहे, पदपथावरून मान वर केल्याशिवाय दिसत नाही. ताकद उरली असेल तर आर्चवे रोड ओलांडून हायगेट स्थानकाकडे जाताना ३०, लँगडन पार्क रोड इथे व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या नावाची पाटीही बघता येते. ते तिथे १९२९ ते १९३१ या काळात राहिले.

टिळक लंडनमध्ये राहिले ते घर आणि केन्सल ग्रीन एका दिवसात होईल का?

सहज. दोन्ही बेकरलू लाइनवर आहेत. वॉरिक ॲव्हेन्यूला उतरून हौली प्लेस गाठा. १० क्रमांकाच्या घरावर टिळकांच्या नावाची पाटी आहे. ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी आले तेव्हा १९१८-१९ मध्ये ते इथे राहत होते. मागेच लिटल व्हेनिसचा कालवा आहे. तो बघून पुन्हा वॉरिक ॲव्हेन्यूला या आणि चौथ्या स्थानकावर, केन्सल ग्रीनला उतरा.

कालव्याच्या काठाने चालत जायची कल्पनाही चांगली आहे, पण कालव्याच्या बाजूने दफनभूमीत शिरायची वाट नाही. लॅडब्रोक ग्रोव्हच्या पुलाशी वर चढून हॅरो रोडवर या, मुख्य फाटक तिथे जवळ आहे. स्थानकावरून येणाऱ्यांचा गोंधळ वेगळा. शेजारीच सेंट मेरीज ही कॅथलिकांची स्वतंत्र दफनभूमी आहे आणि पुष्कळ जण चुकून तिच्यात शिरतात. शिरलातच तर मेरी सीकोल या परिचारिकेचं थडगं बघून घ्या, क्रिमियाच्या युद्धातल्या कामासाठी तिचं नाव आहे. मग बाहेर येऊन योग्य फाटक पकडा.

केन्सल ग्रीन ७२ एकरांवर पसरली आहे, प्रवेश मोफत. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्ये वारले, त्यांची कबर इथे आहे. थोरामोठ्यांच्या भव्य स्मारकांमध्ये ती साधी आहे, नकाशाशिवाय सापडणं कठीण. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनियर ब्रुनेल इथेच आहे आणि त्याने आखलेल्या मार्गावरच्या गाड्या दफनभूमीच्या दक्षिणेने धडधडत जातात. यांत्रिक गणकयंत्रांचे आराखडे काढणारा चार्ल्स बॅबेज आणि कलकत्त्यात जन्मलेला कादंबरीकार थॅकरे हेही इथलेच.

नंतर लॅडब्रोक ग्रोव्हने दक्षिणेकडे चालत गेलात की गोलबर्न रोड आणि पोर्टोबेलो रोड लागतात. जुन्या वस्तूंचा बाजार खरा शनिवारी भरतो. गर्दी नको असेल तर शनिवार सोडून कुठलाही दिवस घ्या.

जमशेटजी टाटांची समाधी इंग्लंडमध्ये आहे हे खरं का?

खरं आहे. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात ब्रुकवुड नावाची दफनभूमी आहे, ब्रिटनमधली सर्वांत मोठी. तिच्यात १८६२ पासून पारशी समाजाचा स्वतंत्र भाग आहे. जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाट नाउहाइम इथे वारले आणि त्यांना इथे आणलं. धाकटे पुत्र सर रतन टाटा १९१८ मध्ये, थोरली सून मेहेरबाई १९३१ मध्ये आणि त्यांचे पती सर दोराबजी १९३२ मध्ये इथेच विसावले. मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उभं राहिलं त्याची मुळं त्या दुःखात आहेत. परळच्या त्या दारातून आत गेलेल्या किती मराठी घरांना ही जागा आपली वाटेल! बॅटरसीतून ब्रिटिश संसदेवर निवडून गेलेले शापूरजी सकलातवाला यांच्या अस्थीही याच भागात आहेत.

जायला वॉटर्लूहून थेट गाडी, साधारण ४० मिनिटं. लंडनचं ऑयस्टर कार्ड इथपर्यंत चालेल असं गृहीत धरू नका, वॉटर्लूलाच परतीचं तिकीट काढा. ब्रुकवुड स्थानकाच्या दक्षिणेकडून बाहेर पडलात की दफनभूमीच लागते. आत अंतरं मोठी आहेत. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवा आणि निदान तीन तास हातात ठेवा. पारशी भागाची व्यवस्था त्या समाजाकडे आहे. फाटक बंद असेल तर कुंपण ओलांडायचं नाही. मोठी स्मारकं बाहेरूनही दिसतात.

ब्रुकवुडशी जोडलेला रस्ता मात्र लंडनमध्येच आहे. १८५४ पासून वॉटर्लूजवळून खास प्रेतवाहू आगगाडी इथे यायची. पहिला, दुसरा, तिसरा वर्ग जिवंतांना होता तसाच मृतांनाही होता, आणि दफनभूमीच्या आत दोन स्थानकं होती, एक अँग्लिकनांसाठी, दुसरं इतरांसाठी. १९४१ च्या एप्रिलमध्ये बॉम्बहल्ल्यात लंडनचं टोक उद्ध्वस्त झालं आणि सेवा बंद पडली. पहिल्या वर्गाच्या प्रवेशद्वाराची इमारत अजून १२१, वेस्टमिन्स्टर ब्रिज रोड इथे उभी आहे. सकाळी वॉटर्लूला जातानाच ती बघा, मग गाडीत बसा. परतीच्या वाटेवर पुढचंच स्थानक वोकिंग. वेळ उरला तर तिथे भोपाळच्या शाहजहान बेगमच्या नावाची, १८८९ मध्ये बांधलेली मशीद आहे.

डॉ. आंबेडकरांच्या घराजवळ असं काही आहे का?

१०, किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म स्थानकापासून थोडंसं चालून. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिले, महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घर विकत घेऊन स्मारक केलं. उघडण्याचे दिवस बदलतात, आधी चौकशी करा. तिथून कॅमडेन लॉकला या आणि कालव्याच्या काठाने सेंट पँक्रसकडे चाला. वाटेवर सेंट पँक्रस ओल्ड चर्चचं आवार लागतं. तिथे वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी पत्नीसाठी बांधलेली कबर आहे. तिचा घुमटाकार माथा नीट बघा, लंडनच्या लाल टेलिफोन पेटीचा माथा त्यावरून सुचला असं मानलं जातं. थडग्यांच्या शिळांनी वेढलेला प्रसिद्ध ॲश वृक्ष डिसेंबर २०२२ मध्ये कोसळला. रेल्वेसाठी इथल्या कबरी हलवल्या तेव्हा त्या कामावर देखरेख करणाऱ्या तरुण थॉमस हार्डीचं, म्हणजे पुढच्या प्रसिद्ध कादंबरीकाराचं, नाव त्याला मिळालं होतं.

मध्यवस्तीतलं, तासाभरात होणारं काही?

बनहिल फील्ड्स. ओल्ड स्ट्रीट स्थानकाजवळ, सिटी रोडवर, मोफत. चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्यांची ही जागा, १८५४ मध्ये बंद झाली तोवर सव्वा लाखाच्या आसपास माणसं इथे पुरली गेली. लेखक बनियन आणि डीफो, कवी विल्यम ब्लेक आणि संख्याशास्त्रातला थॉमस बेझ इथे आहेत. ब्लेकची नेमकी जागा शोधून २०१८ मध्ये नवी शिळा बसवली, म्हणून त्याच्या नावाच्या दोन शिळा दिसतात.

एखादी विशिष्ट कबर कशी शोधायची?

नुसतं नाव घेऊन गेलात तर दिवस वाया जातो. जवळ तीन गोष्टी हव्यात: कबरीचा क्रमांक, चौकोनाचा (म्हणजे दफनभूमीच्या आखलेल्या भागाचा) क्रमांक आणि ओळ. केन्सल ग्रीनच्या नोंदी याच तीन भागांत लिहिलेल्या असतात. क्रमांक शिळेच्या बाजूला किंवा खालच्या काठावर कोरलेला असतो, समोर नसतो, म्हणून वाकून कडेने बघा. गवत असेल तर हाताने नुसतं बाजूला सारा, उपटू नका.

जाण्याआधी दोन-तीन आठवडे दफनभूमीच्या कार्यालयाला किंवा तिथल्या स्वयंसेवी मित्रमंडळाला ई-मेल पाठवा. त्यात पूर्ण नाव, मृत्यूचं वर्ष आणि माहीत असेल तर शेवटचा पत्ता द्या. नोंदवही शोधायला काही ठिकाणी पैसे पडतात. भारतीय नावांच्या बाबतीत स्पेलिंगचे सगळे पर्याय लिहून पाठवा. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. आडनाव म्हणून कधी वडिलांचं नाव, कधी ‘राव’ किंवा ‘भाई’ सुद्धा नोंदलेलं सापडतं.

एक गोष्ट मनाची तयारी करून जा. ज्यांना स्वतंत्र जागा परवडत नसे त्यांना सामायिक कबरीत, अनोळखी माणसांसोबत एकावर एक पुरत आणि त्यावर बहुधा शिळा नसे. गरीब खलाशी आणि मुलं सांभाळणाऱ्या आया यांच्या बाबतीत नोंद सापडली तरी समोर फक्त गवत असू शकतं. चौकोन बरोबर असेल तर तुम्ही योग्य जागीच उभे आहात.

शिळेवरची अक्षरं दिसतच नाहीत. काय करावं?

उजेड कडेने पडला पाहिजे. ऊन समोरून असेल तर झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. फोनचा टॉर्च शिळेच्या कडेला, जवळजवळ टेकवून, तिरका धरा आणि दुसऱ्या फोनने समोरून फोटो काढा. दोघं असाल तर एकाने छत्रीची सावली करावी. फोटो नंतर कृष्णधवल करून उठाव वाढवला की अजून दोन-चार अक्षरं वर येतात.

खडू घासणं, दाढीचा फेस लावणं, तारेचा ब्रश, कागद ठेवून पेन्सिल फिरवणं, यातलं काहीही करू नका. दगड आधीच कमजोर असतो आणि वरची पापुद्र्यासारखी कातडी निघाली की अक्षर कायमचं जातं.

दगड ओळखता आला तर काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. ग्रॅनाइटवरची अक्षरं दीडशे वर्षांनीही धारदार असतात. स्लेटही टिकते. पोर्टलंडचा चुनखडी दगड आणि संगमरवर कोळशाच्या धुराने आंबट झालेल्या पावसात विरघळला, संगमरवरावर हात फिरवला तर साखरेसारखी खर लागते. वालुकाश्माचे पदर सुटतात. ओळीत बारीक भोकंच दिसत असतील तर तिथे शिशाची अक्षरं ठोकलेली होती आणि ती गळून पडली आहेत. त्या भोकांच्या मांडणीवरूनही अक्षर ओळखता येतं, थोडा धीर हवा.

कोरलेल्या चिन्हांचा अर्थ काय?

मधूनच तुटलेला खांब म्हणजे अकाली मृत्यू. कापड पांघरलेला कलश शोकाचा. उलटी धरलेली मशाल विझलेल्या आयुष्याची. जहाजाचा नांगर बहुधा आशेचा, पण खलाशाच्या कबरीवर तो त्याच्या धंद्याचाही असतो. हातात हात म्हणजे निरोप, बऱ्याचदा पतिपत्नींचा. हे अर्थ पक्के नियम नव्हेत. थडगी घडवणाऱ्याकडे नमुन्यांची वही असे आणि घरचे त्यातून पसंत करत.

मजकुरात ‘रेलिक्ट’ असं दिसलं तर ती विधवा. १७५२ पूर्वीच्या शिळेवर वर्ष जोडून, म्हणजे १७०१/२ असं लिहिलेलं असेल तर ती चूक नाही. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना दोन्ही वर्षं देत.

गल्ल्यांमधून चालताना नजर कुठे ठेवायची?

खाली आणि वर. दुकानांच्या उंचीवरचं सगळं बदललेलं असतं.

पदपथावर घरासमोर साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचं गोल लोखंडी झाकण दिसलं तर ते कोळशाचं. कोळसेवाला रस्त्यावरून थेट तळघरात पोतं रिकामं करायचा. प्रत्येक ओतशाळेची नक्षी वेगळी, काहींवर नाव-पत्ताही असतो. याच कोळशाच्या धुराने दफनभूमीतला संगमरवर खाल्ला.

वर बघा. विटांनी बुजवलेली खिडकी दिसेल. १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता आणि पुष्कळांनी तो वाचवायला खिडक्या बुजवल्या. अर्थात काही आंधळ्या खिडक्या केवळ दर्शनी बाजू सारखी दिसावी म्हणून मुळातच तशा बांधलेल्या असतात.

घरापुढच्या बुटक्या भिंतीवर ओळीने लोखंडाची खुंटं दिसतात. दुसऱ्या महायुद्धात कुंपणं कापून नेली त्याच्या त्या खुणा, आणि दफनभूमीतल्या कितीतरी कबरींच्या कठड्यावर अगदी तशीच खुंटं सापडतात. उलट दक्षिण लंडनच्या काही जुन्या वसाहतींना जाळीची विचित्र कुंपणं आहेत, टोकांना बाक असलेली. ती युद्धात जखमींसाठी बनवलेली स्ट्रेचर आहेत, युद्धानंतर कुंपणाला वापरली.

नावात ‘म्यूज’ असलेली गल्ली दिसली तर जरूर आत वळा. मागच्या बाजूला असलेले हे घोड्यांचे तबेले आणि वर मोतद्दारांच्या खोल्या. आज तिथे महागडी घरं आहेत, पण रुंद दारं आणि दगडी फरशी जुनीच. फाटक असेल आणि खासगी असल्याची पाटी असेल तर वळायचं नाही.

रस्त्याच्या पाटीवर नावाखाली टपाल विभाग लिहिलेला असतो, ‘एन ६’ किंवा ‘डब्ल्यू २’ असा. एकाच नावाचे रस्ते लंडनमध्ये अनेक आहेत. पत्ता शोधताना हा विभाग जुळतो का ते आधी बघा.

निळ्या पाट्यांवर विश्वास ठेवायचा का?

बऱ्याच अंशी. ही योजना १८६६ मध्ये सुरू झाली, आज ती इंग्लिश हेरिटेजकडे आहे. व्यक्ती वारून निदान २० वर्षं झालेली असावीत आणि ती राहिली ती मूळ इमारत उभी असावी असे त्यांचे नियम. पण निळ्या गोल पाट्या इतर संस्थाही लावतात आणि त्यांचे निकष वेगळे असतात. वेस्टमिन्स्टरमध्ये हिरव्याही दिसतील. कुणी लावली ते पाटीवरच लिहिलेलं असतं.

या घरांत माणसं राहतात. पदपथावरून फोटो घ्या, बेल वाजवू नका, खिडकीतून डोकावू नका, मोठ्या गटाने दारासमोर थांबून घोषणा देऊ नका.

कुठल्या दिवसांत जावं?

वाचायला फेब्रुवारी-मार्च उत्तम. झाडोरा झडलेला असतो, सूर्य खाली असल्यामुळे उजेड तिरका पडतो. जून-जुलैत हायगेट, ननहेड आणि टॉवर हॅम्लेट्सचे बरेच भाग हिरवळीखाली गडप होतात. दिसायला देखणं, शोधायला अवघड.

बूट, कपडे, धोके?

घोट्यापर्यंतचे, तळ न घसरणारे बूट आणि लांब विजार. ओल्या पानांवर साधे बूट घसरतात. खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल आणि काटेरी ब्रॅम्बल वाटेच्या कडेलाच असते. उन्हाळ्यात गवतातून चालला असाल तर रात्री पाय तपासा, गोचीड चिकटते. खरा धोका शिळांचा. त्या वरून भक्कम दिसतात, पण पाया खचलेला असतो आणि लहान मुलाने लोंबकळलं तरी पडू शकतात. आडव्या शिळेवर पाय देऊ नका, खाली पोकळी असू शकते.

अंत्यविधी चालू असेल तर?

केन्सल ग्रीन, हायगेट, ब्रुकवुड इथे आजही दफन होतात. काळ्या गाड्या दिसल्या की थांबा, वाट द्या, कॅमेरा खाली करा आणि दुसऱ्या वाटेने जा. ताज्या कबरीचे आणि तिथल्या माणसांचे फोटो कधीच काढू नयेत. ड्रोन तर परवानगीशिवाय उडवायचाच नाही.

फुलं, उदबत्ती, हार?

सुटी फुलं चालतात, प्लास्टिक काढून. उदबत्ती, निरांजन आणि कापूर नको. कोरडं गवत पेटतं आणि दगडावर काजळी धरते. हळद-कुंकू शिळेवर लावू नका, सच्छिद्र दगडातून डाग निघत नाही. टाटांच्या समाधीवर तर मुळीच नको, तिथली रीत वेगळी आहे.

मुलं, आजी-आजोबा, स्वच्छतागृह?

ज्येष्ठांना ब्रॉम्प्टन सर्वांत सोपं. वेस्ट ब्रॉम्प्टन स्थानकाला लागून आहे, मधला रस्ता सरळ सपाट, आत कॅफेही आहे. १८५४ मध्ये सोहोतल्या पाण्याच्या पंपावरून कॉलऱ्याचं मूळ शोधणारे डॉ. जॉन स्नो इथे आहेत. तो पंप आठवण म्हणून ब्रॉडविक स्ट्रीटवर उभा केला आहे, संध्याकाळी तिकडे जाता येईल. हायगेटचा पश्चिम भाग चढाचा आहे, चाकाच्या खुर्चीला कठीण. बनहिल आणि ब्रुकवुडला निघण्याआधी स्वच्छतागृह स्थानकावरच गाठा.

लंडनबाहेर एखादी जागा?

ब्रिस्टलची आर्नोस व्हेल. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलला वारले. १८४३ मध्ये त्यांना इथे आणलं आणि वर चक्क भारतीय घडणीची छत्री उभी केली. खर्च केला तो द्वारकानाथ टागोरांनी, म्हणजे केन्सल ग्रीनमध्ये ज्यांची कबर पाहिलीत त्यांनीच. पॅडिंग्टनहून ब्रिस्टल टेंपल मीड्सला पावणेदोन तासांच्या आत पोहोचता, पुढे बाथ रोडने साधारण २५ मिनिटं पायी.

प्रवास इटलीपर्यंत असेल तर फ्लोरेन्सला कोल्हापूरकरांनी जावंच. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथे वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला आणि १८७४ मध्ये कॅशिने बागेच्या टोकाला त्यांची छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. बाग तीन किलोमीटरहून लांब आहे आणि छत्री अगदी पश्चिम टोकाला, म्हणून शहराच्या बाजूने शिरलात तर जाऊन-येऊन दोन तास धरा.

फोटो काढून आणले, पण नंतर कुठला कुठे हे कळत नाही.

कबरीचा पहिला फोटो तिच्या शिळेचा घेऊ नका. आधी फाटकाची पाटी, मग चौकोनाचा दगड, मग वाटेवरून दिसणारं दूरचं दृश्य, मग डावी-उजवीकडच्या दोन शिळा आणि शेवटी हवी ती कबर, पुढून, कडेने आणि क्रमांकासह. गल्लीतही तेच: आधी टपाल विभागासह रस्त्याची पाटी, मग घरक्रमांक, मग निळी पाटी. फोनमधलं स्थाननोंदीचं बटण चालू ठेवा, पण दाट झाडीखाली ते बरंच चुकतं, म्हणून शेजारच्या दोन शिळांवरची आडनावं कागदावर लिहून घ्या. पुढच्या वेळी येणाऱ्याला कबर दाखवायला हीच दोन आडनावं उपयोगी पडतात.